आढ्याखालची फट

आमच्या करडीत तुलाराम गवंड्याला घरी बोलवायला लोक कचरायचे. माणूस वाईट नव्हता, हाताला तर चांगलाच होता. पण कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी पायातल्या चपला काढायच्या आधी त्याची मान वर जायची. वासे, त्यांवरचे फाटे, कवेलू म्हणजे कौलं, मधलं आढं असं सगळं पाहून झालं की मग तो घरातल्या माणसांकडे पाही. चहा पिता पिता मध्येच म्हणे, "हे मधली भिंत वरपर्यंत काहून नाही नेली जी?" आता ज्याचा चहा प्यायचा त्यालाच असं विचारायचं म्हणजे काय? बायका तोंडाला पदर लावून हसत.

त्याच्या मुलीसाठी, रुखमासाठी, एकोडीला स्थळ पाहायला गेलो तेव्हा त्याने कहरच केला. मुलगा धनीराम नवा शर्ट घालून समोर सतरंजीवर बसलेला, घामाघूम झालेला, आणि आमचा तुलाराम आढ्याकडे डोळे लावून. मी कोपराने ढोसलं. "अरे, जवाई खाली बसला हाये, वरतं नाही." तो गंभीरपणे म्हणाला, "जवाई चांगलाच दिसते. छप्पर पाहू दे."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणून लोक ते हसण्यावारी नेत. मी त्याचा शेजारी. मी एरवी कोणालाही सोडत नाही, माझी जीभ तिखट आहे हे माझी बायकोच चारचौघांत सांगते. पण तुलारामला मी हसलो नाही. त्याचं तोंड कसं पोळलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पाऊस पडला नव्हता, शेततळ्यांसारख्या बोड्या तळापर्यंत आटल्या होत्या. आमची ओळ म्हणजे एका लांब छपराखाली एकाला एक लागून असलेली घरं. मधल्या भिंती मातीच्या आणि चांगल्या जाड, पण माणसाच्या डोक्याच्या थोड्या वर जाऊन थांबलेल्या. त्यांच्या वर, कवेलूंच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांची मिळून एकच पोकळी. मांजर पहिल्या घरात चढलं की शेवटच्या घरात उतरायचं. एकाकडे सुके झिंगे भाजले की सगळ्या ओळीच्या तोंडाला पाणी सुटायचं. आम्हाला ते बरं वाटायचं. शेजार म्हणतात तो हाच, असं वाटायचं.

आग पार टोकाच्या घरात लागली, भर दुपारी. आम्ही पुरुष तिकडे धावलो आणि होतं नव्हतं ते पाणी त्या घराच्या भिंतींवर मारू लागलो. आपली घरं लांब आहेत, तिथवर आग यायला पुष्कळ वेळ आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. आग मात्र भिंतींकडे फिरकलीच नाही. ती कवेलूंखालून, वाळक्या फाट्यांवरून, ओळीच्या डोक्यावरून पळत होती, आणि खाली उभ्या असलेल्या आम्हाला ती दिसत नव्हती. मी घराकडे धावलो तेव्हा तुलारामची बायको शकुनबाई दारात होती. तिने लहानग्या रुखमाला माझ्या हातात दिलं आणि बियाण्याचं धान काढायला ती परत आत गेली. घरात तोवर थोडासा धूर होता, बाकी काही नव्हतं. ती आत वळली आणि वरचं छप्पर खाली आलं.

दुसऱ्या दिवशी तुलाराम त्या राखेतून फिरत होता. प्रत्येक भिंतीच्या माथ्यावर हात ठेवून पाहत होता. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "पाह्य, भिंती साऱ्या उभ्या हायेत. एकबी नाही जळली. आग भिंतीतून नाही आली रे, भिंतीवरून आली."

तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं. दोन घरांमधली भिंत आढ्यापर्यंत न्या, तिथेही थांबू नका, कवेलूंच्या वर हातभर काढा. भिंतीतून लाकूड आरपार जाऊ देऊ नका, आणि जावंच लागलं तर त्याच्याभोवती चिकण माती ठासून भरा, बोटही जाईल एवढी जागा ठेवू नका. लोक ऐकून घेत आणि म्हणत, भिंत कवेलूंच्या वर काढली की सांध्यातून पावसाचं पाणी गळतं. ते खरंही होतं, गळायचं. दर पावसाळ्यात गळणारं पाणी दिसतं, कधीतरी लागणारी आग दिसत नाही. शिवाय शकुनबाईच्या मागे त्याने दुसरं लग्न केलं नाही म्हणून तो जरा सटकलाच आहे, असंही बायका म्हणत. त्याला कामं मिळत ती विहिरीच्या कठड्याची, गोठ्याची. घराच्या कामाला लोक दुसरा गवंडी बोलवत, जो मुकाट्याने खाली पाहून काम करील.

रुखमाला त्याने एकट्याने वाढवलं. वेणीसुद्धा तोच घालायचा, आणि गवंड्याच्या हाताची वेणी कशी असते हे सांगायला नको. रुखमाचं कसं होईल, एवढा एकच घोर त्याच्या जिवाला होता. एकोडीचं घर त्याला पसंत पडलं, कारण ते एकटं घर होतं. एका छपराखाली एकच कुटुंब.

रुखमाचं पहिलं बाळंतपण करडीला झालं. आई नाही म्हणून माझ्या बायकोने केलं. मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला पोचवायला तुलाराम आणि मी एकोडीला गेलो, तर तोवर तिथे वाटे पडलेले. बोडीच्या पाण्याच्या पाळीवरून धनीराम आणि त्याचा थोरला भाऊ भैय्यालाल यांचं बिनसलं होतं, बोलणं बंद होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे जागच्या जागी होते, दारं फिरली होती. घराच्या मधोमध मातीची नवी भिंत, आणि भावाचं तोंडही दिसायला नको म्हणून भैय्यालालने आपलं दार मागच्या गल्लीत काढलेलं. भिंत अर्थातच डोक्याच्या थोडी वर जाऊन थांबलेली.

ती तशी थांबायला कारण होतं. त्या जुन्या घरांमधून एक रीत होती. भावांनी कितीही भांडून वाटे केले तरी आई जिवंत आहे तोवर आढं तोडायचं नाही आणि भिंत आढ्याला टेकवायची नाही. वरची फट मायची, असं म्हणत. घर वाटलं तरी माय वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुलारामने बाळाच्या कपड्यांचं बोचकं खाली ठेवलंच नाही. तो भिंतीकडे पाहत उभा राहिला आणि ओरडला, "मी पोरगी ठेवत नाही इथं! वापस नेतो!"

धनीराम बिचारा गोरामोरा झाला. तेवढ्यात भिंतीच्या वरून, पलीकडून, एक म्हातारा आवाज आला. "कोण ओरडून राहिलं वो? इवाई आले काय?"

ती धनीरामची आई, तुलारामची विहीण कौशल्याबाई. ती थोरल्याकडे राहत होती. गुडघे गेलेले, दिवसभर खाटेवर पडून. आम्ही अख्ख्या घराला वळसा घालून मागच्या गल्लीतून तिच्याकडे गेलो. थोरली सून उषाबाई हिने पाणी दिलं. तुलारामने तिथेही आधी छपराकडे पाहिलं. चुलीशेजारी तुराट्यांचा ढीग, आणि वर वाळलेले फाटे.

"इवाई, थे आढं माह्या नवऱ्यानं जंगलातून आणलं हाये," कौशल्याबाई म्हणाली. "मी मरेपर्यंत त्याले कोणी हात नाही लावाचा."

"आढ्याले हात नाही लावत, ईनबाई. त्याच्या भोवताल माती भरतो. पण वरतं फट नाही ठेवत."

"फट मायची असते."

"असते. पण आग मायले पुसून येत नाही."

बोलून पटेना तेव्हा त्याने घमेल्यात चुलीतले निखारे घेतले, त्यावर ओला कडुनिंब टाकला आणि दार लोटून घेतलं. धूर सरळ वर गेला, कवेलूंखाली जमला आणि मग निवांतपणे भिंत ओलांडून धनीरामच्या बाजूला उतरू लागला. पलीकडे बाळाला ठसका लागला. कौशल्याबाईने तो ऐकला, त्याच फटीतून ऐकला. तिचा चेहरा उतरला.

"बाहेर न्या थे घमेलं," ती म्हणाली. मग बोलली, "धूर जाते तसा माहा आवाजबी त्याच वाटेनं जाते ना जी? पोरं बोलत नाही एकमेकांसंग. उषा वावरात जाते. मी दिवसभर एकटी. येवढीच त रुखमासंग बोलाची जागा हाये."

तुलाराम खाली पाहत म्हणाला, "आवाज दारातून येईन, ईनबाई."

"माह्यं दार तिकडं, तिचं इकडं."

तुलारामने घमेलं उचलून बाहेर नेलं. मग तीच म्हणाली, "भरा. पोराच्या जिवापेक्षा का माह्या गोष्टी मोठ्या हायेत?"

मी तिथे हजर होतो. तिने हे आपल्या तोंडाने सांगितलं. पुढे लोक काहीबाही बोलले, तुलारामने म्हातारीवर जबरदस्ती केली वगैरे, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

तुलारामने बोडीतली चिकण माती आणली, धानाच्या तणसाचे बारीक तुकडे घालून पायांनी तुडवली, मुरू दिली. एवढं मन लावून काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरून जाणारे फाटे त्याने करवतीने कापले आणि भिंत वर चढवत कवेलूंच्या बाहेर काढली. आढं मात्र शब्द दिल्याप्रमाणे अखंड ठेवलं. भिंतीतून जिथे ते आरपार जात होतं तिथे चहूबाजूंनी माती ठासून तिचा जाड गळपट्टाच केला. शेवटी हाताच्या पंजाएवढी जागा उरली. पलीकडून कौशल्याबाईचा आवाज आला, "रुखमे, आयकून राहिली काय वो?"

"हाव, आत्याबाई," रुखमा म्हणाली.

तुलारामने मातीचा गोळा लावला आणि थापीने सारखा केला.

परत येताना साकोलीच्या स्टँडवर त्याने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि एसटीत बसल्या बसल्या झोपून गेला. शकुनबाई गेल्यापासून इतका निर्धास्त झोपलेला मी त्याला पाहिला नव्हता.

रुखमाचं घर मात्र मुकं झालं. सासू पलीकडून काठीने भिंत ठोकायची, पण जाड मातीतून नुसतं ढब्ब ढब्ब यायचं, त्यातून काय कळणार? रुखमा कामं आटोपली की बाळ कडेवर घेऊन वळसा घालून जायची, सासूशी बसायची, वळसा घालून परत यायची. आधी रोज. मग मूल रांगू लागलं, वावराची कामं आली, तेव्हा जमेल तसं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. हाकेच्या अंतरावरचं माणूस आणि वळसा घालून भेटायचं माणूस यांत फरक पडतोच.

पुढच्या वर्षी मोहाचा हंगाम आला. त्या दिवसांत पहाटे गाव रिकामं होतं, मोहफुलं वेचायला लहानथोर रानात जातात. धनीराम गेला, भैय्यालाल आणि उषाबाईही गेले. रुखमाच्या मुलाला ताप होता म्हणून ती घरी थांबली. उषाबाईने रोजच्यासारखे चुलीतले निखारे राखेत झाकून ठेवले होते, आल्यावर चहाला बरे पडतात म्हणून. सगळ्या गावाच्या बायका तसंच करतात. त्यातला एखादा तुराट्यांकडे कसा घरंगळला ते कोणी पाहिलं नाही. कोंबडी शिरली असेल, मांजर असेल.

निरोप मिळाल्यावर आम्ही गेलो. अर्ध्या घराला छप्पर नव्हतं. काळी जमीन, फुटलेल्या कवेलूंचा खच. आणि दुसरं अर्धं घर जसंच्या तसं, पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीला डागसुद्धा नाही. आढं भैय्यालालच्या बाजूने जळत जळत भिंतीपर्यंत आलं होतं आणि मातीच्या गळपट्ट्यात येऊन विझलं होतं. तिथली माती भाजून माठासारखी लाल झाली होती. तुलारामने जे सांगितलं होतं ते तंतोतंत तसंच झालं होतं.

रुखमा दाराजवळ बसली होती. मुलगा मांडीवर. तिने बापाकडे पाहिलं नाही.

"मी याच्या कपाळावर पट्ट्या ठेवून राहिली होती, बाबा. कवेलू फुटाचा आवाज आला तवा मले समजलं. वळसा घालून धावली त दारात जाळच जाळ. आत्याबाईनं हाका मारल्या असतीन ना? केवढ्या मारल्या असतीन. मले एकबी नाही आयकू आली."

"फट असती त तू अन् पोरगा..." तुलाराम बोलू लागला.

"ठाऊक हाये, बाबा. थे नका सांगू."

म्हातारीला उचलून आणायला रुखमा एकटी पुरली असती का? हाक आली असती तर त्याच वाटेने आगही आली असती का? आली असती, हे मला करडीच्या आगीपासून ठाऊक आहे. पण हे हिशोब आपण लांब बसून करायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. ज्याचं वाचतं त्यालाही कळतं, आणि त्याचं सांत्वन करायला कोणी येत नाही, उलट लोक अभिनंदन करतात.

तसंच झालं. तेरवीला आलेले पाहुणे त्या भिंतीला हात लावून पाहत होते. "भिंत असावं त अशी!" आगीच्या गोष्टी सांगत होते, आढ्याच्या जळक्या टोकाकडे पोरांना बोट दाखवत होते. एकोडीतल्या कितीतरी जणांनी तुलारामला तिथल्या तिथे काम सांगितलं, आमचीही भिंत वर न्या म्हणून. पंधरा-सोळा वर्षं ज्या शब्दासाठी तो जीव टाकत होता तो शब्द लोक आता आपणहून बोलत होते, आणि तो तिथे हात जोडून सगळ्यांना नाही म्हणत होता. मला राग आला. लोकांचा आला, त्याचाही आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी धनीरामवर ओरडलो, पत्रावळी नीट वाढ म्हणून.

भैय्यालालने ती जागा सोडली. वावरात झोपडी बांधून तो आणि उषाबाई तिकडे राहायला गेले. पलीकडे नुसता उघडा पडीक तुकडा राहिला, त्यात तरोटा माजला.

रुखमा त्या पोळ्याला माहेरी आली नाही, दिवाळीलाही आली नाही. तुलाराम मधून मधून जायचा. ती जेवायला वाढायची, मुलाला आजाच्या मांडीवर द्यायची, सगळं रीतीने करायची, आणि एक शब्द बोलायची नाही. तो परत आला की माझ्या ओट्यावर बसून राहायचा. "पोरगी जित्ती हाये," एवढंच म्हणायचा, जणू मीच काही वेगळं म्हटलं होतं.

हिवाळ्यात तिने निरोप पाठवला, सामान घेऊन या. तुलारामला वाटलं, भिंतीला कुठे तडा गेला असेल. मी सोबत गेलो. रुखमा वाळली होती. डोळे खोल गेले होते. तिने आढ्याखाली बोट दाखवलं.

"बाबा, तेथं वरतं मले एक भोक पाडून द्या."

तुलाराम हळूच म्हणाला, "तिकडं आता कोण हाये, बाई? पडीक जागा हाये थे."

"ठाऊक हाये."

"मंग कायले?"

"दिवसभर आयकू येते मले," ती म्हणाली. "रुखमे, रुखमे. भिंत बंद हाये म्हणून थे अंदरच राहते. पाडून द्या, बाबा."

तुलारामने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा नाही म्हणेल. या एका गोष्टीसाठी त्याने गावाचं हसू सोसलं होतं, कामं गमावली होती. त्यात शकुनबाई होती. भैय्यालाल आज नाही उद्या परत छप्पर घालणार, पुन्हा चूल पेटणार, पुन्हा तुराट्यांचा ढीग लागणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

त्याने लोखंडी सब्बल उचलली आणि खाटेवर चढला. माती भाजून विटेसारखी झाली होती, सहज फुटेना. तो घामाने भिजला, पण मला हात लावू देईना. शेवटी एक ढेकूळ पलीकडे पडलं आणि बाहेरचा उजेड घरात आला.

"अजून थोडं," रुखमा खालून म्हणाली. त्याने अजून थोडं पाडलं. "अजून." पंजा जाईल एवढं झालं, मग डोकं जाईल एवढं झालं.

"पुरे," ती म्हणाली आणि खाली बसून रडू लागली. मोठ्याने, शेजारपाजारच्या बायका दारात जमेपर्यंत. सासू गेल्यापासून ती रडलीच नव्हती, हे मला त्या बायकांकडून कळलं. तुलाराम खाटेवरच उभा होता. भोकाची कड ओल्या हाताने गोल करत होता, माती झडू नये म्हणून. निघताना रुखमाने त्याच्या पाया पडून मुलाला त्याच्या पायांवर घातलं आणि म्हणाली, "येत जा, बाबा."

एसटीत मला राहवलं नाही. माझी जीभ तिखट आहे हे सांगितलंच आहे. मी म्हणालो, "साऱ्या दुनियेले शिकवत होता ना तू? अन् आता आपल्याच हातानं भोक पाडून आला. उद्या आग लागली त?"

तो खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर कापून नेलेल्या धानाच्या बांध्या, दुसरं काही नाही.

"आग येईन तवा येईन," तो म्हणाला. "पोरगी त रोजच जळून राहिली होती."